वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघराची उत्तरे : केलची पाने आणि आपली फोडणी

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही जर्मनीत ब्रेमेनला आलो आहोत. थंडीच्या दिवसांत येथील बाजारात मेथी किंवा चुका दिसत नाही, केलचे मात्र ढीग लागलेले असतात. पालकासारखी कांदा-लसूण घालून ती परतून पाहिली, तर भाजी चामट झाली, कडवटही लागली आणि मुलांनी पानात तशीच ठेवली. ही भाजी आपल्या चवीची कशी करावी?
— एक वाचिका, ब्रेमेन

उत्तर : केल ही पालकाच्या नव्हे, कोबीच्या घराण्यातली भाजी आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही सगळी एकाच वनस्पतीची रूपे आहेत. कोबीत पानांचा गड्डा धरतो, केलमध्ये पाने सुटी राहतात. पालकाचे पाणीदार पान दोन मिनिटांत मऊ होते, केलचे पान मात्र जाड आणि तंतुमय असून त्यावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे पालकाच्या रीतीने परतल्यास ते अर्धे कच्चेच राहते.

म्हणून पहिले लक्ष निवडण्याकडे द्यावे. देठ एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पान खालून वर ओरबाडले की मधली जाड शीर सहज सुटते. ही शीर भाजीत राहिली तर बाकीची मेहनत वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. कोवळे देठ बारीक चिरून फोडणीत आधी घालता येतात, जून देठ टाकून द्यावेत. कुरळ्या पानांच्या चुण्यांत माती आणि किडे दडतात, म्हणून पाने पाण्यात बुडवून दोन-तीनदा धुवावीत आणि मग शक्य तितकी बारीक चिरावीत. केनियात रोजच्या जेवणात हीच पाने कांदा-टोमॅटोवर परतून उगाली नावाच्या मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर खातात, आणि तेथील बाजारात भाजीवाल्या ती गिऱ्हाइकासमोर दोऱ्यासारखी बारीक चिरून देतात. पान बारीक चिरले की ते लवकर शिजते आणि प्रत्येक तुकड्याला तेल-मीठ नीट लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे तेल आणि वेळ यांत हात आखडता घेऊ नये. तुम्ही राहता त्या ब्रेमेन आणि ओल्डेनबुर्गच्या परिसरात हिवाळ्यात केल कांदा आणि चरबीवर तास-दीड तास मंद शिजवतात, आणि पुष्कळ घरांत रस धरून ठेवण्यासाठी त्यात भरडलेले ओट्स घालतात. आपल्याकडे हेच काम डाळीचे पीठ करते, म्हणून केलला सर्वांत शोभणारी मराठी रीत पीठ पेरून केलेल्या भाजीची, असे मला वाटते. निवडून चिरलेल्या पाव किलो पानांसाठी तीन मोठे चमचे तेल तापवावे आणि मोहरी, हिंग, हळद, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या यांची फोडणी करावी. त्यात पाने, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे आणि दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे. पान दातांखाली सहज तुटू लागले की वेगळे कोरडे भाजून घेतलेले चार मोठे चमचे बेसन वरून पेरावे, एक वाफ आणावी आणि झाकण काढून भाजी मोकळी होईपर्यंत परतावी. बेसन न भाजता घातले तर ते गिचका होऊन पानांना चिकटते, त्यामुळे ही पायरी टाळू नये. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे, कारण आंबट आधी घातल्यास हिरवा रंग काळपट होतो.

कडूपणा मुलांना मुळीच चालत नसेल तर चिरलेली पाने उकळत्या खारट पाण्यात दोन मिनिटे टाकून काढावीत आणि घट्ट पिळावीत. यात क जीवनसत्त्व थोडे जाते, पण भाजी पानात टाकली जाण्यापेक्षा हे बरे. अशी पिळलेली पाने भाजणीत मळून थालीपीठ लावावे, किंवा अळूच्या पातळ भाजीसारखी हरभरा डाळ, शेंगदाणे, चिंच आणि गूळ घालून शिजवावीत. चिंच-गुळाच्या आंबटगोडात केलचा कडूपणा लपतो, आणि हे पान दीर्घकाळ शिजवले तरी विरघळून जात नाही.

खरेदीचेही सांगतो. कडाक्याची थंडी पडून गेल्यानंतरची केल घ्यावी, कारण गोठण्यापासून वाचण्यासाठी ही वनस्पती थंडीत पानांतील साखर वाढवते आणि पान गोडसर होते. गोठवलेल्या पाकिटातली केलही वाईट नाही. गोठताना पानातील पेशी फुटतात, म्हणून ती ताज्या पानांपेक्षा लवकर मऊ होते.

प्रश्न : पुण्यात आता मोठ्या दुकानांत केल मिळते. कच्च्या पानांची कोशिंबीर केली, पण चावता चावता जबडे दुखले. कच्ची खाण्याची, किंवा कुरकुरीत करण्याची योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कच्च्या केलला आधी मळावे लागते. शिरा काढून बारीक चिरलेल्या पानांवर मीठ, चमचाभर तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून हातांनी तीन-चार मिनिटे चोळावे. पान गर्द हिरवे होते, निम्म्यावर बसते आणि त्याचा चिवटपणा जातो. मग पंधरा मिनिटे तसेच ठेवून दाण्याचे कूट, डाळिंबाचे दाणे, चिमूटभर साखर आणि हिरव्या मिरचीची फोडणी घालावी. दही घालायचे असल्यास ते अगदी वाढताना घालावे. यासाठी कोवळी, लहान पाने निवडावीत.

कुरकुरीत पानांसाठी कुरळी केल उत्तम. पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत, कारण थोडाही ओलावा राहिला तर ती भाजण्याऐवजी वाफवली जातात. शंभर ग्रॅम पानांना दोन लहान चमचे तेल हाताने चोळावे आणि १५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये एकेरी थरात बारा ते पंधरा मिनिटे भाजावीत. शेवटची दोन मिनिटे समोरून हलू नये, पाने पाहता पाहता करपतात. मीठ आणि लाल तिखट बाहेर काढल्यावर भुरभुरवावे. ही पाने त्याच दिवशी संपवावीत, पावसाळी हवेत तर तासाभरातच सादळतात.

प्रश्न : श्रीनगरला फिरायला गेलो असता भाताबरोबर हाख नावाची पालेभाजी खाल्ली. ती केलच होती का, आणि नागपुरात मिळणाऱ्या केलची तशी भाजी करता येईल का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : हाख केलची अगदी जवळची भाऊबंद आहे. गड्डा न धरणाऱ्या कोबीवर्गीय पानांच्याच गटात ती येते, म्हणून भारतात केल नवी आली असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. काश्मीरमध्ये अशी पाने रोजच्या जेवणात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

करण्याची रीत विलक्षण साधी आहे आणि ती तशीच ठेवावी. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून थोडे निववावे, त्यात हिंग आणि सुक्या लाल मिरच्या घालाव्यात, दोन-अडीच वाट्या पाणी ओतून उकळी आणावी आणि मगच मीठ, चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या आणि पाने घालावीत. येथे पाने बारीक चिरू नयेत, हाताने मोठी तोडावीत. भांडे उघडे ठेवून मोठ्या आचेवर शिजवल्यास रंग हिरवा राहतो. कांदा, टोमॅटो आणि गरम मसाला यांचा मोह टाळावा, कारण या भाजीची सारी गोडी त्या पातळ, हिंगाच्या वासाच्या रसात आहे आणि तो रस भातावर घ्यायचा असतो. केलची जून पाने हाखपेक्षा राठ असतात, म्हणून कोवळी पाने घ्यावीत किंवा शिजण्यास दहा मिनिटे जास्त द्यावीत. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तरी एकदा त्यातच करून पाहावी. शेंगदाण्याच्या तेलात भाजी चांगली होते, पण ती हाख राहत नाही.

प्रश्न : केलमध्ये कॅल्शियम असते म्हणून आईला रोज देण्याचा विचार आहे. परंतु ती रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेते. चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅल्शियमबद्दल तुमचा विचार योग्य आहे. पालकात कॅल्शियमला बांधून ठेवणारे ऑक्झलेट हे द्रव्य पुष्कळ असल्याने त्यातील कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. केलमध्ये ऑक्झलेट कमी आहे. अमेरिकेत रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केलमधील कॅल्शियमचे शोषण सुमारे ४१ टक्के आणि दुधातील सुमारे ३२ टक्के आढळले.

तरीही तुमच्या आईंच्या बाबतीत रोज केल परस्पर सुरू करू नये. या पानांत के जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असते आणि ते वॉरफेरिनच्या परिणामाविरुद्ध काम करते. आहारात ते एकदम वाढले किंवा एकदम थांबले, तर बसवलेली मात्रा बिघडते. पालेभाजी पूर्ण बंद करावी असा याचा अर्थ नाही, तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे असावे लागते. औषध देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारावे, किती वाट्या आणि आठवड्यातून किती वेळा देणार हे नेमके सांगावे, आणि सुरू केल्यावर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी, रक्ततपासणी कधी करायची तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.