आर्क्टिकचे झरे आणि पोटापाण्याचा प्रश्न

ताई, तुमच्या लेकीची बारावी सायन्स झाली आणि तिला ‘आर्क्टिकमधल्या गरम झऱ्यांवर’ संशोधन करायचंय. यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारता. बर्फात गरम पाणी येतं कुठून, हीही तुमची शंका. आधी शंका घेते, कारण करिअरचं उत्तर त्या शंकेतच दडलंय.

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड हा बेटांचा समूह आहे. तिथल्या बॉकफ्योर्डला, ७९ अंश उत्तरेच्याही पुढे, ट्रोल आणि योटुन हे झरे आहेत. पाणी पंचवीसेक अंशांचं. संगमेश्वरजवळच्या आपल्या तुरळ-राजवाडीच्या गरम झऱ्यांपुढे कोमटच. जवळ जुना ज्वालामुखी आहे, पण पाणी मात्र पावसाबर्फाचं. ते भेगांतून खोल उतरतं, तापतं, आणि कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे खडकातलं कॅल्शियम विरघळवत वर येतं. वर दाब सुटला की वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे थर साचून पायऱ्या बनतात. कॅनडाच्या ॲक्सेल हायबर्ग बेटावरचे झरे तर गोठलेल्या जमिनीचा शेकडो मीटर जाड थर भेदून बारमाही वाहतात. ते जेमतेम सहा-सात अंशांचे, पण क्षारांमुळे पाणी सहजी गोठत नाही.

हे कळतं कसं? पाणी मूळचं कुठलं, ते ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून. खाली किती तापलं, ते विरघळलेल्या सिलिकावरून. हा सगळा भूरसायनशास्त्राचा उद्योग, आणि तो कोकणातल्या झऱ्यांवरही शिकता येतो.

म्हणून बी.एस्सी.ला भूशास्त्र मेजर, रसायन मायनर घ्यावं. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्समध्ये भूशास्त्र आहे. नुसतं रसायन घेतलं तर पुढे एम.एस्सी. भूशास्त्राची दारं बरीच बंद होतात. इथेच मुलं फसतात. नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., मग पीएच.डी. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधलं भारताचं ‘हिमाद्री’ स्थानक, २००८ पासूनचं, तेच चालवतं. तिथे जागा मोजक्याच, त्या भरवशावर राहू नये. पण एम.एस्सी.नंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते. पगाराची काळजी तिथे मिटते.

एक मात्र तिला विचारा: प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना, म्हणजे थेंबथेंब द्रावण घालून पदार्थाचं प्रमाण मोजताना, मन रमतं का? झऱ्याकाठी बसून पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट मोजायचं ते असंच, थंडीनं बोटं बधिर झालेली असताना. पहिल्या वर्षातच त्याचा कंटाळा आला, तर मला पुन्हा लिहा. भूशास्त्रात इतर वाटा पुष्कळ आहेत.