पायलट किंवा एटीसी (एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारा) होण्यासाठी इंग्रजी किती चांगलं लागतं? उच्चार परदेशी असावे लागतात का?

तुमच्या प्रश्नात दोन शंका दिसतात: बोलताना व्याकरण चुकतं म्हणून इंग्रजीच्या परीक्षेत लागणारी लेव्हल ४ हुकेल का, आणि उच्चार इंग्लंड-अमेरिकेतल्यासारखे नसतील तर अडेल का. तेवढ्यानं अडत नाही. अडतं ते दुसरीकडेच. मी कंट्रोलर म्हणून बरीच वर्षं रेडिओवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, इंग्रजीच्या मोजपट्टीत १ ते ६ अशा लेव्हल आहेत आणि आंतरराष्ट्रीय कामासाठी किमान ४ हवी. परीक्षा बोलण्याची आणि ऐकण्याची असते; निबंध वगैरे लिहायचा नसतो. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा गोष्टी तपासतात, आणि त्यांची सरासरी काढत नाहीत. पाच गोष्टींत ५ मिळाले आणि एकीत ३, तर तुमची लेव्हल ३.

उच्चारांवर मातृभाषेची छाप असणार हे लेव्हल ४ च्या वर्णनातच गृहीत धरलंय. ऐकणाऱ्याला त्यामुळे अधूनमधूनच अडचण यावी, एवढीच अट. व्याकरणाचंही तसंच: चूक चालते, अर्थ सहसा बिघडता कामा नये. उलट जन्मापासून इंग्रजी बोलणारा पायलट भरभर, आपल्या बोलीतले शब्द पेरत बोलू लागला की त्याला 'से अगेन' म्हणायची वेळ माझ्यावर कितीदा तरी आली आहे.

मग अडतं कुठे? २५ जानेवारी १९९० ला एव्हियांका ५२ हे विमान कोलंबियाहून न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवेमुळे ते तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं, उतरायचा एक प्रयत्न फसला. कॅप्टननं सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आपण इमर्जन्सीत आहोत असं त्यांना कळव. सहवैमानिकानं रेडिओवर नव्या दिशेचा रीडबॅक दिला, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवली, आणि त्याच्याच शेवटी इंधन संपत आल्याचं जोडून टाकलं. इमर्जन्सी हा शब्द नाही, 'मेडे' हा संकटाचा ठरलेला शब्दही नाही. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर कंट्रोलरला त्यातलं गांभीर्य कळलं नाही. विमान इंधनाविना कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. त्या सहवैमानिकाचं वाक्य व्याकरणात कुठेही चुकलेलं नव्हतं. ती घटना आजही वाचवत नाही मला.

१९९६ मध्ये चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानं धडकून ३४९ माणसं गेली, तेव्हा चौकशीत कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी कारणांमध्ये नोंदलं गेलं. आयकाओनं २००३ मध्ये हे लेव्हलचे नियम स्वीकारले आणि २००८ पासून लागू केले.

म्हणून तुम्ही लक्ष द्यायचं ते 'संवाद' या सहाव्या बाजूकडे. रोजचं काम फ्रेजॉलॉजीवर, म्हणजे ठरलेल्या वाक्यांवर निभतं, आणि ती पाठ करता येतात. केबिनमध्ये धुराचा वास येतोय, प्रवासी बेशुद्ध पडलाय, पक्षी इंजिनात गेलाय, हे सांगायला मात्र तयार वाक्यं पुरत नाहीत. तिथे नेमका शब्द आठवला नाही तर साध्या शब्दांत फिरवून सांगता येतं का, नीट कळलं नाही तर न लाजता पुन्हा विचारता येतं का, ऐकलेलं पडताळून घेता येतं का, हे लेव्हल ४ मध्ये बघतात. अनपेक्षित प्रसंगात समजायला थोडा वेळ लागला तरी चालतं. न समजता 'रॉजर' (संदेश मिळाला) म्हणणं ही सगळ्यांत घातक सवय, ती आत्तापासूनच लावून घेऊ नका.

तयारीसाठी जाड व्याकरणाची पुस्तकं नकोत. विमानतळावरच्या एखाद्या प्रसंगाचं चित्र घ्या आणि दोन मिनिटं न थांबता मोठ्यानं वर्णन करा, ते रेकॉर्ड करून ऐका. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचं रेडिओवरचं बोलणं रोज कानावर पडू द्या. जोडीदार मिळाला तर एकानं मुद्दाम अर्धवट सूचना द्यायची आणि दुसऱ्यानं प्रश्न विचारून ती पूर्ण करून घ्यायची.

लेव्हल ४ मिळाली तर साधारण दर ३ वर्षांनी पुन्हा परीक्षा असते, ५ ला ६ वर्षांनी, ६ ला नाही. पहिल्याच वेळी ६ च्या मागे लागू नका. ४ पक्की करा, कामावर रोज बोलून ५ पर्यंत पुष्कळ जण पोचतात.