चित्रांच्या आधी लॅटिन

प्रश्न : मी इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्ययुगीन युरोपातल्या, सोन्याचा वर्ख लावलेल्या सचित्र हस्तलिखितांवर संशोधन करायचं आहे. चित्रांची मला चांगली जाण आहे. तरी लॅटिन शिकावंच लागेल का? आणि यात नोकरी मिळते का?

उत्तर : लॅटिन लागेलच, आणि ते आत्ताच सुरू कर. एम.ए.ला गेल्यावर बघू म्हटलं, की ऐन प्रबंधाच्या वेळी विभक्ती पाठ करत बसावं लागतं. जोडीला फ्रेंच किंवा जर्मन, निदान वाचण्यापुरतं.

कारण सांगतो. पंधराव्या शतकातली ‘बुक ऑफ अवर्स’ म्हणजे गृहस्थांची प्रार्थनापोथी. तिच्या सुरुवातीला संतांच्या सणांची दिनदर्शिका असते. 3 जानेवारीला पॅरिसची रक्षक मानली जाणारी संत जन्व्हिएव्ह हिचं नाव सोनेरी अक्षरांत असेल, तर पोथी पॅरिसकरांसाठी केलेली असण्याची दाट शक्यता. हा धागा चित्रात नाही, मजकुरात आहे. शिवाय फ्लँडर्समध्ये, म्हणजे साधारण आजच्या बेल्जियमच्या भागात, पानभर चित्रं पुष्कळदा सुट्या पानांवर रंगवत, मागची बाजू कोरी ठेवत आणि पान मागाहून पोथीत शिवत. तेव्हा चित्र एका गावचं, मजकूर दुसऱ्या गावचा, असंही होतं. नुसत्या कापलेल्या चित्राच्या फोटोवर विसंबणारे इथेच फसतात.

म्हणून पोथीचं शरीर वाचायला शीक. या पोथ्या चर्मपत्रावर, म्हणजे जनावराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहिलेल्या असत. त्याची केसांकडची बाजू पिवळसर, बारीक ठिपक्यांची; मांसाकडची पांढरट. युरोप खंडातल्या पोथ्यांत समोरासमोरची पानं सहसा एकाच बाजूची येतात. एकीकडे पिवळसर, दुसरीकडे पांढरं दिसलं, की तिथे पान गेलंय किंवा घुसवलंय का ते तपास. चार ताव दुमडून एकात एक घातले की आठ पानांची जुडी होते. ही नेहमीची, पण अपवाद भरपूर.

नोकरीचं स्पष्टच सांगतो : प्राध्यापकाच्या कायम जागा फार थोड्या. ग्रंथालयातली सूचीकाराची कामं, संग्रहालयं, लिलावगृहं हेही धरून चाल. हस्तलिखितांची वर्णनं एक्सएमएलमध्ये (संगणकाला वाचता येईल अशा, खुणा घातलेल्या मजकुरात) नोंदवायला शिकलीस तर सूचीच्या प्रकल्पांत उपयोग होईल. पीएच.डी.ला पूर्ण शिष्यवृत्ती हातात आल्याशिवाय मात्र प्रवेश घेऊ नकोस.

या सुट्टीत स्वित्झर्लंडच्या ‘ई-कोडिसेस’ किंवा फ्रान्सच्या ‘गॅलिका’ या डिजिटल ग्रंथालयांवरची एक छोटी प्रार्थनापोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघ. दिनदर्शिका उतरवून काढ, जुड्या मोजायचा प्रयत्न कर, कोऱ्या पाठीची पानं टिपून ठेव. जुड्यांची शिवण फोटोत नेहमी दिसत नाही. जिथे अंदाज असेल तिथे तसं लिही. एम.ए.च्या अर्जाला लेखनाचा नमुना मागतात, तेव्हा हेच टिपण नीट लिहून जोड.