बिनशिवणीचे पायमोजे

प्रश्न : माझा 9 वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत जातो. थंडीत विकतचे पायमोजे घातले की बोटांवरची शिवण टोचते म्हणून तो रडतो. मला स्वेटर विणता येतो. पायमोजे जमतील काय?

उत्तर : ताई, नक्की जमतील. हे रडणे हट्ट नव्हे. अनेक स्वमग्न मुलांना स्पर्श फार तीव्रतेने जाणवतो, हे घरातील मोठ्यांनाही समजावून सांगा. दोन्ही टोके निमुळती असलेल्या चार सुया घेऊन, तीन सुयांवर टाके वाटून चौथीने गोल विणत गेल्यास बाजूला शिवण येतच नाही, आणि बोटांपाशी समोरासमोर उरलेले टाके जाड सुईने विणीसारखेच एकमेकांत ओवून बंद केले, की टोचणारी कडही राहत नाही. टाचेला वेळ लागतो. तो भाग मूल झोपल्यावर विणावा. धागा मुलालाच गालाला लावून निवडू द्या. सुती धागा निवडला, तर त्याला लोकरीसारखी लवचीकता नसल्याने घोट्यावर एक सुलट, एक उलट अशी पट्टी अवश्य घाला. शाळेने गणवेशातील मोज्यांचा आग्रह धरल्यास, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय मागता येते, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.