फोर-के, क्यूएलईडी आणि कोचापासूनचे ९ फूट

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडील ३२ इंची टीव्ही तेरा वर्षे चालून गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. नवा घ्यावा म्हणून आम्ही उभयता महाराणी रोडवरील तीन दुकानांत जाऊन आलो. परतताना हातात तीन पत्रके होती आणि डोक्यात नुसता गोंधळ होता. फोर-के, क्यूएलईडी, एचडीआर, १२० हर्ट्झ हे शब्द विक्रेता अशा सराईतपणे उच्चारत होता, की आपल्याला त्यांतले काही कळलेले नाही हे सांगण्याचीही आम्हांला लाज वाटली. घरात आम्ही दोघेच असतो. सकाळ-संध्याकाळ बातम्या, रात्री मराठी मालिका आणि सामना असेल तेव्हा क्रिकेट, एवढेच आमचे पाहणे असते. उन्हाळ्यात पुण्याहून नातवंडे येतात, तेव्हा रिमोट त्यांच्या हाती जातो. कोचापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत ९ फूट अंतर आहे आणि कोचाच्या मागे पश्चिमेची खिडकी आहे. यांपैकी कोणत्या शब्दासाठी पैसे मोजावेत? — एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपण पत्रात ९ फूट हा आकडा लिहिला, हे फार चांगले केले. बहुतेक पत्रांत कंपनीचे नाव आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत असते, पण खोलीचे माप नसते. त्या मापावाचून फोर-के या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

फोर-के म्हणजे पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीमध्ये आडवे १,९२० आणि उभे १,०८० असतात, म्हणजे जेमतेम पावणेएकवीस लाख. ठिपके चौपट झाले, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. मात्र ते वेगवेगळे दिसण्यासाठी डोळ्याचीही तेवढी कुवत हवी. निरोगी नजरेला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर असलेले दोन ठिपके सुटे दिसतात, त्याहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. हा हिशेब ४३ इंची पडद्याला लावला, तर फुल एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडे एकजीव होतात, ५५ इंची पडद्यावर हेच अंतर सुमारे ७ फूट होते, आणि ६५ इंची पडद्यावर साडेआठ फुटांच्या आसपास जाते. आपण ९ फुटांवर बसता. तेव्हा ४३ किंवा ५५ इंची संचात फोर-के आहे की फुल एचडी, हे आपल्या कोचावरून ओळखता येणार नाही, मग चष्म्याचा नंबर कितीही नवा असो. आता ५० इंचांपुढील बहुतेक संच फोर-केच असतात. ते आपोआप मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

या हिशेबातून उलट बाजूने आकार ठरवता येतो. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, त्यामुळे ४३ इंची पडद्याची रुंदी प्रत्यक्षात सुमारे ९५ सेंटिमीटर भरते आणि ५५ इंचीची सुमारे १२२. जुन्या वर्तमानपत्राच्या पानांचा या मापाचा आयत जोडून भिंतीवर चिकटवावा आणि दोन दिवस कोचावरून पाहत राहावे. दुकानाच्या उंच छताखाली लहान वाटलेला संच आपल्या दिवाणखान्यात केवढा होतो, ते त्यावरून कळते. माझ्या मते ९ फुटांना ५० ते ५५ इंच योग्य आहेत. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे केवळ करासाठी ३२ वर थांबण्याचे कारणही आता उरलेले नाही.

मोठ्या पडद्याबरोबर एक अडचण मात्र घरात येते आणि विक्रेता तिच्याविषयी सहसा बोलत नाही. आपण पाहता त्या वाहिन्या साध्या, म्हणजे एसडी असतील, तर त्यांच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ असे केवळ सव्वाचार लाखांच्या आत ठिपके येतात. फोर-के पडद्याच्या ८३ लाखांना या संख्येने भागले, तर भागाकार बरोबर वीस येतो. याचाच अर्थ असा, की वाहिनीने पाठवलेला एक ठिपका आपला टीव्ही वीस ठिपक्यांवर पसरवतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. जुन्या ३२ इंची संचावर ठीक दिसणारी मालिका नव्या ५५ इंचीवर धूसर दिसते आणि दोष टीव्हीच्या माथी मारला जातो. म्हणून नवा संच आणण्यापूर्वी सेट-टॉप बॉक्स एचडी आहे का, रोजच्या पाहण्यातल्या दोन-चार वाहिन्या एचडी घेतल्या आहेत का, आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची तार कोणती आहे, हे पाहावे. ही तार लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन टोकांची असेल, तर तिच्यातून एचडी चित्र जातच नाही. एचडीएमआयची, चपट्या टोकाची एकच तार हवी. गेल्या दिवाळीत एका परिचितांकडे नवा संच पाहायला गेलो, तेव्हा भिंतीवर देखणा ५५ इंची टीव्ही होता आणि त्यामागून तीच जुनी पिवळी तार लोंबत होती. आम्ही ती बदलली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडले. चहा येईपर्यंत वृत्तनिवेदिकेच्या साडीचे काठ दिसू लागले.

आता क्यूएलईडी. ओएलईडी हा टीव्हीचा वेगळाच प्रकार. रोमन लिपीत त्यातल्या ओ अक्षराला शेपूट जोडले की क्यू होतो, आणि या शेपटामुळे ग्राहकांची जेवढी फसगत होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नसावी. एलईडी टीव्ही हा मुळात एलसीडी पडदाच आहे. तो स्वतः प्रकाश देत नाही, त्याच्यामागे दिवे असतात आणि ते दिवे एलईडीचे, एवढाच त्या नावाचा अर्थ. क्यूएलईडीतही रचना हीच असते, फक्त दिव्यांपुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर येतो. हे कण काही नॅनोमीटरचे असतात आणि आकारानुसार वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश देतात, लहान कण निळ्याच्या बाजूचा आणि मोठे तांबड्याच्या बाजूचा. त्यांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना मिळाले. या कणांमुळे रंग खरोखर अधिक शुद्ध होतात. ओएलईडीची तऱ्हा निराळी आहे. तिथे मागचे दिवेच नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळे दाखवायचे तेव्हा सरळ विझतो. चित्र पाहावे तर ओएलईडीवर, हे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही मी आपल्याला तो सुचवत नाही. बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह रोज अनेक तास एकाच जागी राहिले, तर त्या जागेचे ठिपके लवकर झिजतात आणि पुढे त्याचा पुसटसा ठसा कायमचा उरतो. शिवाय मागची पश्चिमेची खिडकी उघडी असेल, तर संध्याकाळच्या उजेडात त्या गडद काळ्याची किंमत वसूल होत नाही.

ज्या शब्दासाठी पैसे मोजावेत, तो खोक्यावर बहुधा छापलेलाच नसतो. एलसीडी पडद्याचे मुख्य प्रकार दोन आहेत, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग टिकवून धरतो, पण त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. त्याचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागातील प्रमाण, साधारण हजारास एक असते. व्हीए पडद्यात ते तीन ते पाच हजारांपर्यंत जाते, मात्र बाजूला बसले की चित्र फिके पडते. आपण दोघे समोरच्याच कोचावर बसत असाल, तर व्हीए घ्यावा. भिंतीकडेच्या दिवाणावरूनही कोणी पाहत असेल, तर आयपीएस. विक्रेत्याला हे शब्द ठाऊक नसले, तरी बिघडत नाही. एका पेनड्राइव्हमध्ये पूर्ण काळे चित्र आणि एखादे ओळखीच्या माणसाचे छायाचित्र घेऊन जावे. दुकानात लावलेली कंपनीची चित्रफीत फुलपाखरांची आणि मिठाईची असते, तिच्यावर कोणताही संच सुंदरच दिसतो. ती बंद करवून ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोड लावायला सांगावे. काळे चित्र लावले, की कोपऱ्यांतून दिव्याचा उजेड किती गळतो ते दिसते. छायाचित्र लावून चार पावले बाजूला सरकावे, चेहऱ्याचा रंग उडाला की पडदा व्हीए आहे असे समजावे.

एचडीआरविषयी, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याच्या सोयीविषयी, थोडक्यात. पूर्वापार टीव्हीचे चित्र १०० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजेड गृहीत धरून तयार होत आले आहे. एचडीआर चित्रपट बहुधा १,००० निट्सपर्यंतच्या उजेडासाठी तयार होतात, म्हणजे सूर्य, दिवे आणि दागिने खरोखर चमकावेत. ज्या संचाची झेप २५०-३०० निट्सपर्यंतच आहे, त्याच्या खोक्यावरही एचडीआर लिहिता येते, कारण तो संच तसे चित्र स्वीकारतो. तसे दाखवणे ही वेगळी गोष्ट झाली. म्हणून निट्स विचारावेत, आणि आकडा मिळाला नाही तर एचडीआर हा शब्द मनातल्या मनात खोडून टाकावा. आपल्या त्या खिडकीला जाड पडदा शिवून घेतला, तर महागड्या एचडीआरहून अधिक फरक पडेल.

राहिले १२० हर्ट्झ. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो हा आकडा. आपल्याकडील प्रक्षेपण सेकंदाला २५ पूर्ण किंवा ५० अर्ध्या चौकटींचे असते आणि चित्रपट २४ चौकटींचे, त्यामुळे मालिका आणि बातम्यांना ६० हर्ट्झचा पडदा भरपूर होतो. १२० चा खरा उपयोग नव्या गेम कन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला होतो, तोही टीव्हीवर एचडीएमआय २.१ चे सॉकेट असेल तेव्हा. नातवंडे कन्सोल घेऊन येत नसतील, तर हा प्रश्न इथेच मिटतो. यात एक खोचही आहे. काही खोक्यांवर ‘हर्ट्झ’ नसून ‘मोशन’, ‘रेट’, ‘क्लॅरिटी’ अशा शब्दांपुढे १२० किंवा २४० छापलेले असते. तो आकडा पडद्याचा नसून कंपनीने स्वतःच ठरवलेला असतो. पूर्वी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट छापलेले असत, त्याच जातीचा. एका संचाच्या बाबतीत मीच यात फसलो आहे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ६० हर्ट्झ लिहिलेले होते, आणि ते पान मी पैसे दिल्यानंतर वाचले.

तात्पर्य शोधत बसावे लागू नये म्हणून सरळ सांगतो : ५० किंवा ५५ इंची, व्हीए पडद्याचा, ६० हर्ट्झचा साधा फोर-के संच घ्या, किमतीत फारसा फरक नसेल तरच क्यूएलईडीकडे वळा, आणि उरलेल्या पैशांत एचडी वाहिन्या व खिडकीचा पडदा घ्या.

प्रश्न : नव्या टीव्हीवर चित्र छान दिसते, पण संवाद समजत नाहीत. मुलाने साउंडबार आणून दिला आणि एचडीएमआयने जोडला, तरी आवाज टीव्हीतूनच येतो. खोक्यावर २० वॅट लिहिलेले असूनही ही स्थिती का? — एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : वॅट हा शक्तीचा आकडा आहे, स्पष्टतेचा नाही. संच जितका सडपातळ, तितकी स्पीकरला जागा कमी, आणि ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संवाद आधी भिंतीवर आदळतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. साउंडबार आणला हे योग्यच झाले.

टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय सॉकेट असली, तरी सामान्यतः त्यांतील एकाच्याच शेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असते. बाकीच्या सॉकेटांतून आवाज फक्त टीव्हीत येतो, बाहेर जात नाही. एआरसी लिहिलेले सॉकेट मात्र टीव्हीचा आवाज त्याच तारेतून उलट साउंडबारकडे पाठवते. तार तिथे लावावी, साउंडबारच्या बाजूलाही एआरसी लिहिलेल्याच सॉकेटमध्ये घालावी, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, चालू करावे (प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचे वेगळे नाव दिलेले आहे, हे दुर्दैव) आणि आवाजाच्या यादीत ‘टीव्ही स्पीकर’ऐवजी एआरसी निवडावे. तरीही आवाज येत नसेल, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे साधा, न दाबलेला आवाज, असे करून पाहावे. ईएआरसीमधून डॉल्बी अ‍ॅटमॉसचा, म्हणजे चहूबाजूंनी येतोसा वाटणारा आवाज दाबून लहान न करता पूर्णपणे पाठवता येतो, पण मालिकेतील सासू-सुनेच्या संवादांना साधा एआरसी पुरेसा आहे.

प्रश्न : संच घरी आणताना दुकानदार स्टॅबिलायझर घ्याच म्हणत होता. तो खरोखर लागतो का? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : संचाच्या पाठीमागची चिठ्ठी वाचावी. तिथे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर त्या मर्यादेतील चढ-उतार टीव्ही स्वतःच सांभाळतो आणि स्टॅबिलायझरचे कामच उरत नाही. आपल्या घरात दाब २४० च्या वर जात असेल, तर गोष्ट वेगळी. ते इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून पाहून घ्यावे. विजेच्या कडकडाटापासून मात्र स्टॅबिलायझर वाचवत नाही. पावसाळ्यात ढग गडगडू लागले, की प्लग काढावा आणि छतावरच्या छत्रीकडून येणारी केबलही बॉक्समधून सोडवावी, कारण अनेकदा वीज त्याच वाटेने आत येते. सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हेही त्याच खेपेत तपासून घ्यावे.