औषध तपासताना उंदराला दुखतंय की नाही, हे कसं कळतं?

नव्या मुंबईत फार्मसीच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतोच.

उंदीर बोलत नाही, म्हणून त्याची हालचाल मोजतात. साधारण 52 ते 55 अंशांच्या तापलेल्या पत्र्यावर तो किती सेकंदांत पाय चाटतो किंवा उडी मारतो, हे घड्याळ लावून बघतात. ठरलेली वेळ झाली की उचलायचाच, नाहीतर भाजेल. दुसऱ्या चाचणीत वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू तळव्याला टेकवून तो पाय कधी मागे घेतो ते पाहतात.

पण गोम पुढेच आहे. औषधाने उंदीर नुसता गुंगला, तरी पाय उचलणार नाहीच! म्हणून त्याला फिरत्या दांडीवर चालवतात. तिथून धपकन पडला, तर वेदना कमी झाली असं म्हणता येत नाही. वेदनेचा संदेश नसांतून पुढे जातो तो सोडियम चॅनेलमुळे, म्हणजे पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांमुळे. ती अडवली की वेदना थांबते. पण ही दारं मेंदूत आणि हृदयातही असतात, त्यामुळे चॅनेल अडवणाऱ्या औषधांत ही शंका जास्त. ठाण्यात दाढ काढताना डॉक्टर देतात ते बधिर करणारं लिग्नोकेनही सोडियम चॅनेलच अडवतं, फक्त जागच्या जागी.

एनएव्ही 1.7 हे एका प्रकारचं सोडियम चॅनेल जन्मतः निकामी असलेल्या माणसांना वेदनाच होत नाही, हे 2006 मध्ये कळलं. ते अडवणारं औषध शोधायला सगळे धावले. उंदरांत जमलं, माणसांत निराशा. शेवटी बाजी मारली एनएव्ही 1.8 या दुसऱ्या प्रकाराने: ते अडवणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधाला अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये मान्यता मिळाली, तीही फक्त तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी.