कल्ट म्हणजे पंथ नव्हे, फेरा

प्रश्न असा आहे : सिनेमावरच्या गप्पांत ‘कल्ट’, ‘क्लासिक’ आणि ‘बी ग्रेड’ हे शब्द सर्रास येतात. मराठीत ‘पंथीय चित्रपट’, ‘अभिजात चित्रपट’ असं म्हणावं का? आणि इतका वाईट की बघायला मजाच येते, अशा सिनेमाला काय म्हणायचं?

‘पंथीय चित्रपट’ कृपा करून म्हणू नका. कोशांत ‘कल्ट’पुढे पंथ, संप्रदाय असे पर्याय दिसतात ते धर्माच्या संदर्भातले. सिनेमाला ते चिकटवले की नाथपंथावरचा माहितीपट डोळ्यांसमोर येतो. त्याहून जास्त खटकतं ते प्रत्येक गाजलेल्या सिनेमाला ‘कल्ट क्लासिक’ म्हणणं. ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 साली पहिल्याच खेपेला तुफान चालला. हे सगळ्यांचे सिनेमे. जे पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं आहे ते कल्ट कसं? ‘अंदाज अपना अपना’ 1994 साली तिकीटबारीवर पडला आणि नंतर कॅसेटी व केबलवरून त्याचे संवाद लोकांना तोंडपाठ झाले, त्याला कल्ट म्हणा.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ हे क्रियापद आहे. त्याचे अर्थ तीन : जमीन कसणे, एखाद्या जागी वसणे, देवाची सेवा करणे. कसण्यातून ‘अ‍ॅग्रिकल्चर’ आलं, वसण्यातून ‘कॉलनी’, सेवेतून ‘कल्ट’. तिन्हींच्या तळाशी एकच क्रिया आहे, फिरणे, एका जागेभोवती पुन्हापुन्हा वावरणे. संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांची पूर्वज मानलेल्या आद्य इंडो-युरोपीय भाषेत हा धातू ‘क्वेल्’ असा मांडतात आणि तोच संस्कृतात ‘चर्’ होऊन आला.

‘क’चा ‘च’ कसा झाला? मूळच्या ‘क्व’पुढे ‘ए’सारखा तालव्य स्वर असला की संस्कृतात त्या ‘क्व’चा ‘च’ होतो, आणि मग तो ‘ए’ ‘अ’मध्ये विरून जातो. याचा सर्वांत सुंदर पुरावा ‘चक्र’ या शब्दात आहे. मूळ रूप ‘क्वेक्व्लोस्’, म्हणजे त्याच धातूचं द्वित्व. पहिल्या ‘क्व’पुढे ‘ए’ होता, तो ‘च’ झाला. दुसऱ्यापुढे थेट व्यंजन होतं, तो ‘क’ राहिला. एकच ध्वनी एकाच शब्दात दोन रूपांनी शेजारीशेजारी बसला आहे! याच शब्दाचं ग्रीकमध्ये ‘कीक्लोस’ झालं, त्यावरून आपली सायकल. इंग्रजीत ‘व्हील’, फारसीत ‘चर्ख’ आणि त्यातून चरखा. मराठीत प्राकृत ‘चक्क’वरून चाक, आणि चाकावरून चाकोरी.

चाकोरी म्हणजे गाड्या एकाच मार्गाने जाऊनजाऊन चाकांनी पाडलेली खोल वाट. कल्ट सिनेमाला आपण काय म्हणतो? चाकोरीबाहेरचा! ‘कल्ट’ आणि ‘चाकोरी’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच धातू आहे, फक्त एक रोमहून आला आणि दुसरा बैलगाडीच्या रस्त्यावरून.

अजून एक नातं याहून जवळचं आहे. पूजेतले ‘उपचार’ म्हणजे उप अधिक चर्. षोडशोपचार पूजेतली आसन, पाद्य, अर्घ्य ही सोळा अंगं जे काम करतात, तेच ‘कल्ट’चं मूळ असलेल्या लॅटिन ‘कुल्तुस’चं काम, ठरलेल्या क्रमाने ठरलेली सेवा. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा 1975 चा पडलेला सिनेमा 1 एप्रिल 1976 पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्री लागू लागला. तिथल्या प्रेक्षकांनी काय केलं ते पाहा. पडद्यावर लग्न लागलं की प्रेक्षागृहात तांदूळ उडतात, पाऊस आला की नायिकेसारखी वर्तमानपत्रं डोक्यावर धरली जातात, ठरलेल्या ओळीला ठरलेली आरोळी येते. अक्षता, जल आणि स्तोत्र म्हणजे उपचारच की हे! नुसतं ‘आवडतो’ म्हणून सिनेमा कल्ट होत नाही. तेच लोक त्याच सिनेमाकडे परत येतात आणि ठरलेले विधी करतात, तेव्हा होतो.

‘कल्ट’ हा ‘ऑकल्ट’चा, म्हणजे गूढविद्येच्या इंग्रजी शब्दाचा, तुकडा, म्हणून त्यात काहीतरी गूढ, चोरटं आहे, असं काही जाणकार ठासून सांगतात. साफ चूक. ‘ऑकल्ट’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ झाकणे. तो धातू वेगळा, त्यातून इंग्रजी ‘कन्सील’ निघतो. उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही, हे शाळेतल्या व्याकरणातही सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘कल्ट’ला मराठीत खरा शब्द ‘वारीचा सिनेमा’. वारी म्हणजे नुसतं जाणं नव्हे, पुन्हापुन्हा जाणं. मूळ ‘क्वेल्’चा फेरा त्यात पुरेपूर आहे, जो ‘पंथ’ शब्दात नावालाही नाही. पंथ म्हणजे रस्ता, आणि रस्ता परत येत नाही. देवाचा शब्द सिनेमाला नको, या आक्षेपात दम नाही. कोर्टाच्या वाऱ्या, दवाखान्याच्या वाऱ्या आपण रोज बोलतो. ‘तुंबाड’ 2018 साली आला तेव्हा बेताचाच चालला. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. याला वारी नाही तर काय म्हणायचं?

हा शब्द रुजेपर्यंत ‘कल्ट’ वापरायला हरकत नाही, पण क्रियापद नीट लावा. सिनेमा कल्ट ‘होतो’, कल्ट म्हणून ‘येत’ नाही. येत्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाच्या जाहिरातीत ‘कल्ट’ छापणं म्हणजे बारशालाच आजोबा म्हणणं.

‘क्लासिक’चं थोडक्यात. रोममध्ये नागरिकांचे मालमत्तेवरून वर्ग पाडले होते आणि ‘क्लासिकुस’ म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातला. दुसऱ्या शतकातल्या आउलुस गेल्लियुस या रोमन लेखकाच्या ग्रंथात हा शब्द पहिल्यांदा लेखकाला लावलेला सापडतो, आणि त्याच्या विरुद्ध शब्द म्हणून तिथे ‘प्रोलेतारियुस’, म्हणजे सर्वांत खालच्या, मालमत्ता नसलेल्या वर्गातला, हा शब्द आहे. वर्गात शिकवतात ते क्लासिक, ही समजूत बरीच नंतरची. आपला ‘अभिजात’ अर्थाने शोभतो, कारण अभिजात म्हणजे कुलीन. एकाची मोजणी संपत्तीवर, दुसऱ्याची जन्मावर. मात्र 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून जुन्या प्रत्येक गोष्टीला ‘अभिजात’ म्हणायची लाट आली आहे, ती थांबवा. 1936 चा ‘संत तुकाराम’ अभिजात आहे तो जुना म्हणून नव्हे. तो मुंबईत वर्षाहून अधिक चालला, 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला आणि आजही दिग्दर्शन शिकणारे तो बघतात.

‘बी ग्रेड’ हा तर दर्जाचा शब्दच नव्हता. 1930 च्या दशकात, मंदीत, अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन सिनेमे दाखवू लागली. मुख्य सिनेमा ‘ए’. त्याचं भाडं तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर. जोडीचा तो ‘बी’, त्याला ठरीव रक्कम. म्हणजे ‘बी’ सिनेमा कितीही चालला तरी निर्मात्याला एक पैसा जास्त मिळत नसे. म्हणून खर्च बांधलेला, लांबी तासाभराची, चित्रीकरण आठवड्या-दोन आठवड्यांत उरकलेलं. ‘ग्रेड’ हे शेपूट आपल्याकडचं असावं, असा माझा तर्क आहे. वितरकांची ‘ए, बी, सी सेंटरं’ म्हणजे मोठी शहरं, मधली गावं, छोटी गावं. त्यात सेन्सॉरचं ‘ए’ प्रमाणपत्र मिसळलं आणि परीक्षेच्या श्रेणीचा वास लागला. त्यामुळेच आज ‘बी ग्रेड’ म्हटलं की लोकांना चावट सिनेमा आठवतो. मूळ शब्दात तसं काही नाही.

आणि वाईट पण मजेदार? ‘लाडका टुकार’ म्हणा. अट एकच, करणाऱ्याने तो मनापासून केलेला हवा. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मधला नट बेला लुगोसी 1956 मध्ये वारला, तेव्हा दिग्दर्शक एड वूडने उरलेल्या दृश्यांत बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके हाताने बसवणाऱ्याला, उभं केलं, झग्याने तोंड झाकून. 1998 च्या ‘गुंडा’तले खलनायक कॅमेऱ्याकडे बघत यमकात स्वतःची ओळख करून देतात, चेहऱ्यावर हसू न आणता. मुद्दाम वाईट काढलेल्या सिनेमाला ‘लाडका’ लावू नका, तिथे नुसतं ‘टुकार’ पुरतं.